जिंजीच्या वाटेवर

पुण्याच्या बुधवार चौकातील नगर वाचन मंदिर हे १८४८ साली स्थापन झालेले जुने ग्रंथालय. तेथे मराठ्यांचा इतिहास वाचता वाचता त्याच पेठेत राहणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने मनाशी बेत केला. १६८९ साली राजाराम महाराज ज्या दिशेने जिंजीस गेले, त्याच दिशेने आपणही जायचे. तेही आगगाडीने नव्हे, गावोगावच्या बसने. महाराजही त्या वेळी एकोणीस वर्षांचेच होते! घरच्यांनी आधी नकार दिला. मग मात्र आईने तांबड्या जोगेश्वरीचा अंगारा त्याच्या कपाळी लावला आणि पाठीवरच्या पिशवीत दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

स्वारगेटहून कोल्हापूर, पुढे बेळगाव, हुबळी. पहिला दिवस असाच सरला. हरिहरजवळ बस तुंगभद्रेच्या पुलावर आली, तसा तो खिडकीशी सरसावून बसला.

संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगडास मोगलांचा वेढा पडला होता. राजा शत्रूच्या हाती लागला तर राज्यच बुडावे, अशी ती वेळ. थोरल्या महाराजांनी १६७७ साली जिंकून बळकट केलेला जिंजीचा किल्ला दूर दक्षिणेत होता. तोच आता आसरा! सप्टेंबरच्या अखेरीस राजाराम महाराज लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात पन्हाळगडाहून निघाले. मोगलांनी त्यांना तुंगभद्रेच्या तीरावर गाठलेच. थोडी माणसे शत्रूला अडवीत मागे राहिली, म्हणून महाराज निसटले. केळदीची राणी चेन्नम्मा हिने बादशहाच्या रोषाची पर्वा न करता त्यांना वाट दिली. बंगळुरात तर एका यात्रेकरूचे पाय इतर जण धुतात हे पाहून लोकांस संशय आला. महाराज पुढे सटकले. खंडो बल्लाळ व काही सोबती मागे राहून पकडले गेले. बखरी सांगतात, त्यांना फटके मारले, तोंडाला राखेचे तोबरे बांधले. पण एकाच्याही तोंडून खरे नाव निघाले नाही.

आपल्या तरुणाची अडचण नेमकी उलटी होती. तो नाव घसा फोडून सांगत होता, पण ते कोणास कळत नव्हते! तिरुवण्णामलैच्या बसस्थानकात रात्र पडली होती. पाट्या तमिळ लिपीतल्या. ‘जिंजी, जिंजी’ म्हटले की लोक मान हलवीत. अखेर त्याने वहीत तीन टेकड्या आणि वर तट असे चित्र काढून एका फुलवाल्या आजीपुढे धरले. ती खळखळून हसली. “सेंजी!” म्हणाली, टोपली शेजारणीकडे सोपवली आणि हाताला धरून त्याला थेट बसच्या दारापाशी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो राजगिरीच्या पायऱ्या चढू लागला. समोर कृष्णगिरी, पलीकडे चंद्रगिरी आणि तिन्ही टेकड्यांना कवेत घेणारा तट. माथ्याजवळ कड्यात खोल चीर आहे. लहानशा पुलावरून ती ओलांडावी लागते. हा किल्ला मोगलांशी आठ वर्षे झुंजला. १६९८ च्या आरंभी तो पडला, पण महाराज त्याआधीच बाहेर पडले होते. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकच.

माथ्यावर पोहोचल्यावर त्याने उरलेली दशमी सोडली. खाली तिरुवण्णामलैचा रस्ता दोऱ्यासारखा दिसत होता आणि त्यावरून मुंगीएवढी एक बस चालली होती. महाराजांना ही वाट तोडण्यास महिन्याहून अधिक काळ लागला होता; तो तिसऱ्या रात्री येऊन पोहोचला होता.