ड तुकडी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन दोन्ही बंद होतं. आता नातवाने कॉम्प्युटरवरची अक्षरं मोठी करून दिली आहेत. डोळ्यावर पट्टी होती तेव्हा माणूस दुसरं काय करणार? जुनं आठवत पडून राहायचं. त्यातलं एक आज सांगते. फारसं अभिमानाचं नाही, पण सांगायला हवं.

गोष्ट १९८४ सालची. आमची शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित. आठवीला चार तुकड्या, अ, ब, क, ड. सातवीच्या मार्कांप्रमाणे मुलं वाटलेली. अ तुकडीत डॉक्टर, वकील, शिक्षक आणि बाजारपेठेतले व्यापारी यांची मुलं. ड तुकडीत हमालांची, मोलकरणींची, वाड्यावस्त्यांवरून तीन-चार मैल चालत येणारी. मार्कांप्रमाणे वाटलं असं आम्ही म्हणायचो, पण वाटणी नेमकी घराप्रमाणे व्हायची, आणि हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. पोरं तर सरळ 'ढ तुकडी'च म्हणायची. आम्ही शिक्षकही स्टाफरूममध्ये तेच म्हणायचो. खोटं कशाला बोलू!

मी मराठी शिकवायची, तेही अ तुकडीला. त्याचा मला कोण गर्व! ड तुकडीवर नवे, तात्पुरते शिक्षक जायचे, किंवा कोणाची शिक्षा म्हणून कोणी. त्यातली बरीच मुलं नववीत नापास करून गाळायची, म्हणजे दहावीचा निकाल आपोआप चकचकीत. फाटकावरच्या फळ्यावर तो निकाल रंगवलेला असायचा. गाळलेल्यांचा आकडा कुठल्याच फळ्यावर नव्हता.

त्या जूनमध्ये संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून नवे मुख्याध्यापक बदलून आले. बुटके, धोतर नेसणारे, आवाज अगदी हळू. पहिला आठवडाभर ते नुसती जुनी निकालपत्रकं आणि हजेरीपुस्तकं घेऊन बसले. मग एका शनिवारी मीटिंग बोलावली आणि एकच प्रश्न विचारला, "तीन वर्षांपूर्वी आठवीच्या ड तुकडीत बावन्न मुलं होती. त्यातली दहावीला नऊ बसली. बाकीची कुठे गेली?"

कोणी काही बोललं नाही. आम्हाला माहीतच नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी तुकड्या मोडल्या. चारही तुकड्यांत सगळ्या प्रकारची मुलं येतील अशी नवी यादी लावली. गावात गहजब! अ तुकडीचे पालक शिष्टमंडळ घेऊन संस्थेकडे गेले. आम्ही जुने शिक्षकही कुरकुरत होतो, त्यात मी पुढे. सरांचं उत्तर ठरलेलं, "वर्षाअखेरीस तुमच्या मुलाचे मार्क उतरले तर मला येऊन विचारा."

पण नुसत्या तुकड्या मिसळून काम होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आठवीतल्या प्रत्येक मुलाला त्यांनी स्वतः एकेक परिच्छेद वाचायला लावला. कितीतरी मुलांना धड वाचता येत नव्हतं. ज्याला वाचता येत नाही त्याला मी अलंकार आणि समास शिकवत होते! सरांनी रोजचा एक तास वाचनासाठी काढला. त्या तासाला इयत्ता आणि तुकडी नाही, वाचता किती येतं त्याप्रमाणे गट. सगळ्यात कच्चा गट त्यांनी स्वतःकडे घेतला. दर दोन महिन्यांनी पुन्हा वाचून घ्यायचे, पुढे गेलेलं मूल पुढच्या गटात. गट मुलाच्या कपाळावर कायमचा चिकटत नव्हता. तुकडी चिकटायची, हाच फरक.

आता माझी गोष्ट. नव्या यादीत माझ्या वर्गात एक मुलगी आली. रोज उशीर. मी शिस्तीची, त्यामुळे उशिरा आलेल्याने पहिला तास बाहेर उभं राहायचं. दिवाळीनंतर एकदा सर फेरीवर होते. ते तिच्याशी दोन शब्द बोलले आणि पुढे गेले. मधल्या सुट्टीत मला बोलावून म्हणाले, "बाई, या मुलीचा मराठीचा तास जूनपासून किती वेळा झाला?"

पहिला तास माझाच होता. मी मोजायला लागले आणि घशाला कोरड पडली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तास तिने वर्गात बसून ऐकले होते. वस्तीवरच्या नळाला सकाळी पाणी यायचं, ते भरून तिला यावं लागायचं. हे सरांना दोन मिनिटांत कळलं, मला पाच महिन्यांत कळलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी वेळापत्रक बदललं. त्या वर्गाला पहिला तास चित्रकलेचा किंवा पीटीचा आणि मराठी-गणित नंतर. "उशिरा आलेल्याला आधी बसवा, मग विचारा," एवढंच म्हणाले.

मुख्याध्यापकाच्या हातात असतं काय, असं आपण म्हणतो. पगार त्याच्या हातात नाही, मान्यता नाही, इमारत नाही. पण वेळापत्रक असतं, तुकड्या असतात, कोणता शिक्षक कोणत्या मुलांसमोर उभा करायचा हे असतं. सरांनी या तीनच गोष्टी हलवल्या.

चमत्कार वगैरे झाला नाही. काही मुलं तरीही गेली. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं दिवाळीनंतर दिसायची नाहीत, त्याला सरांकडेही उपाय नव्हता. पण हुशार मुलांचे मार्क उतरले नाहीत, एकही पालक विचारायला आला नाही. माझी ती मुलगी मार्चला गणितात राहिली आणि १९८७च्या ऑक्टोबरला दहावी सुटली. पेढे घेऊन आली तेव्हा मला तिच्याकडे सरळ बघवेना.

१९८९ साली सर निवृत्त झाले. पुढच्या वर्षी तुकड्या पुन्हा मार्कांवर. आम्ही सगळे गप्प.

आणि आता खरी कबुली. २००५ साली सेवाज्येष्ठतेने मी मुख्याध्यापिका झाले. तोवर अ तुकडीची सेमी इंग्रजी झाली होती, पण आतली मुलं त्याच घरांतली. मी तुकड्या मोडायचं ठरवलं. पालकांचं शिष्टमंडळ आलं. मुलं दुसऱ्या शाळेत घालू म्हणाले, पटसंख्या घटली तर शिक्षक अतिरिक्त ठरतील याची धास्ती होतीच. आणि मी मागे हटले. वाचनाचा तास तेवढा चालू केला, तोही टपाल आणि पगारबिलांच्या रगाड्यात माझ्याकडून नियमित झाला नाही. २००८ला निवृत्त झाले तेव्हा सत्कारात सगळे चांगलं बोलले. मला मात्र त्या बावन्नातली नऊ आठवत होती.

आज 'असर'चे अहवाल वाचते. ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. २०२१पासून 'निपुण भारत' आहे, पुस्तिका आहेत, प्रशिक्षणं आहेत. चांगलंच आहे. पण कोणत्या मुलाचा कोणता तास बुडतो हे पुस्तिकेला कसं कळणार? ते कोणीतरी फेरी मारून विचारायला हवं.

या २६ जानेवारीला ती मुलगी मला तिच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत झेंडावंदनाला घेऊन गेली. मुलगी कसली, पंचावन्न वर्षांची आजी! मुलगा पुण्याला ड्रायव्हर आहे, नातू तिच्याजवळ असतो. त्याची पालक म्हणून ती शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. चहाच्या वेळी तिने गुरुजींना विचारलं, "तिसरीतल्या किती पोरांना अजून वाचता येत नाही? नावं सांगा, मी घरी जाऊन येते."

मी चहाचा कप हातात धरून ऐकत राहिले. तिने सरांचा प्रश्न लक्षात ठेवला होता. मी शिक्षिका असून विसरले होते.

असो. डोळे दुखायला लागले. तुमच्यापैकी कोणी शाळेत असाल, आणि बरेच जण आहात, तर एवढंच करा. उद्या पहिल्या तासाला वर्गाबाहेर कोण उभं आहे ते बघा.