विजापूरचा घुमट मुंबईत

सोनाळ्याहून दुपारची एसटी धरली, वरवट बकालमार्गे शेगाव गाठलं आणि रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो. सकाळी सीएसएमटीला उतरणारा प्रत्येकजण आधी स्टेशनाच्या शिखराकडे बघतो. मी मात्र शेजारच्या जनरल पोस्ट ऑफिसकडे वळलो.

ही इमारत जॉन बेग या स्कॉटिश वास्तुकाराची. काम १९०४ साली सुरू झालं, १९१३ साली संपलं. दालनात उभं राहून वर पाहिलं आणि विजापूरच आठवलं. बेग यांच्यापुढे गोल घुमटाचाच आदर्श होता. त्यांच्याआधीच्या इंग्रज वास्तुकारांनी मुंबईत विलायती गॉथिक आणलं होतं. बेग यांनी आदिलशाहीकडून धडा घेतला. भिंतींचा काळा बेसॉल्ट तर आमच्या सातपुड्यातही उघडा पडलेला असतो. त्याला कुर्ल्याच्या पिवळ्या आणि ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची जोड दिलेली आहे. तिथे तिकिटं घेणाऱ्यांची रांग होती, मी बाजूला उभा राहून घुमटच बघत होतो.

१९०४ सालीच बेग यांचे सहायक म्हणून जॉर्ज विटेट मुंबईत आले. तेही स्कॉटलंडचेच, ब्लेअर अ‍ॅथॉलचे. पुढे बेग भारत सरकारचे वास्तुकार झाले आणि मुंबईची जबाबदारी विटेट यांच्याकडे आली.

फोर्टातून पायी विटेट यांनीच बांधलेल्या म्युझियमला पोचलो. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इथेही घुमट विजापूरच्या वळणाचा, पण मला जास्त भावली ती आतली लाकडी कमानींची रचना. ती नाशिकच्या एका वाड्यातली. परक्या माणसाने आपला वाडा जपून नव्या इमारतीत बसवला, हे मला फार मोठं वाटतं. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं, लोकांसाठी ती १९२२ मध्ये उघडली.

तिथून विटेट यांचाच गेटवे जवळच. १९११ मध्ये पायाभरणी, १९२४ मध्ये उद्घाटन. कमानीवर गुजरातच्या सोळाव्या शतकातील बांधकामाची छाप आहे. विटेट १९२६ मध्ये मुंबईतच वारले आणि शिवडीच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे ते पहिले अध्यक्ष.

आपल्याकडची माणसं गेटवेपुढे फोटो काढून परततात. पुढच्या खेपेला पोस्टापासून चालत निघा, आणि आधी पोस्टात जाऊन वर बघा.