लाल कंदील, फिकं जेवण

बाणेर रोडवर नवं चायनीज उघडलंय. लाल कंदील, मंद लाइट, मेन्यूवर ‘अस्सल सिच्युआन’! पहिल्या पगाराची पार्टी म्हणून आईला घेऊन गेले. मागवलं मापो टोफू, चेंगडू शहराची खासियत. चाळीस मिनिटांनी आलं ते कोमट, गोडसर, चक्क केचपच्या चवीचं. खरं तर सिच्युआन मिरीनं जीभ झिणझिणायला हवी. इथे काहीच नाही! ही मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची चुलत बहीण, मी आईला सांगितलं.

मालवणची आई हसली, “मगे एवढे पैशे कित्याक गो?”

बिल भरताना मी जाम खट्टू. रविवारी तिनं तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. जीभ मस्त झिणझिणली. पार्टी झाली, पण तिच्याकडून!