प्रकाश्याची पांढरी आणि काशाचे भांडे

नंदुरबारहून शहाद्याकडे निघालेली एस.टी. तापीचा पूल ओलांडते आणि प्रकाशे येते. तापी-गोमाईच्या संगमावरचे हे गाव. लोक येथे देवळांसाठी येतात. आम्ही मुलाबाळांसह गेलो ते जुनी पांढरी पाहायला. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले. लोखंड माहीत नसलेल्या, दगडाची पाती आणि थोडेसे तांबे वापरणाऱ्या लोकांची वस्ती त्यात सापडली.

"थोडेसेच का? मोठे काही नाही सापडले?" मुलांनी विचारले.

मोठे सापडले ते नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल हे झुडपाच्या बुडाशी खणत होते. मातीतून निघाला बैलजोडीचा रथ, आणि हत्ती, गेंडा, रेडा. सगळे भरीव ओतकाम, वजन साठ किलोंहून जास्त! काही तज्ज्ञ त्यांचा काळ चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. काही तो मानत नाहीत.

चीनमध्येही असेच झाले. तेथील आनयांगजवळ १९३९ साली गावकऱ्यांना काशाचे चौकोनी, चार पायांचे भांडे सापडले. वजन ८३२ किलो! जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनी ते पुन्हा पुरले आणि १९४६ साली वर काढले. तथागतांच्या जन्माआधी सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने ते आपल्या आईसाठी घडवून घेतले होते. अशा भांड्यांतून पूर्वजांना अन्न-मद्य वाहत.

आपल्या घरी तळपाय घासायची काशाची वाटी असते ना, तोच तांब्या-कथलाचा मेळ. चिनी कारागीर त्यात शिसेही घालीत. नक्षी मातीच्या साच्यातच कोरीत, साच्याचे तुकडे जुळवून रस ओतीत. भांड्यावर समोरून बघणारे जनावराचे तोंड असे: बटबटीत डोळे, शिंगे, आणि बहुधा खालचा जबडाच नाही. आमचा धाकटा चित्र पाहून आधी घाबरला, मग तसेच तोंड करून दाखवू लागला. त्या कारागिरांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

दायमाबादचा रथ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. छबू भिलांचे नाव पुस्तकांत आहे. परतीच्या एस.टी.त शेजारी बसलेल्या भिल्ल बाबांना आम्ही ही हकीकत सांगितली. त्यांनी ते नाव दोनदा विचारून घेतले.