ऊन चढलं की नदी फुगते

ऊन आणि नदीचं वैर सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पंढरपूरचं वाळवंट रुंदावतं, भीमेत डबकी उरतात आणि उजनीचं पाणी कधी सुटणार एवढाच विषय गावोगाव असतो. हिमालयातल्या लाहौलमध्ये हा हिशेब साफ उलटा निघाला.

लेहच्या चढाआधी दम वाढवायचा म्हणून आम्ही चंद्रा नदीच्या खोऱ्यात सायकलचा सराव करत होतो. कोकसरहून सिस्सू, गोंधला करत तांदीपर्यंत उतार आणि तोच रस्ता परत चढायचा. सोलापूर साडेचारशे मीटरवर. आमचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे तुळजापूरचा घाट. इथे कोकसरच ३,००० मीटरच्या वर. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते.

२०२० साली ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, तोवर हिवाळ्यात हे खोरं बर्फामुळे महिनोन्‌महिने तुटलेलं असे. आता सिस्सूला धबधब्यापेक्षा मॅगीच्या टपऱ्यांपुढे गर्दी जास्त. गावं मात्र चकित करतात. सह्याद्री आमचे ढग अडवतो तसे पीर पंजाल यांचे अडवतो, तरी बटाट्याची आणि वाटाण्याची शेतं हिरवीगार! डोंगरातून काढलेल्या पाटांनी वितळलेला बर्फ थेट वाफ्यात येतो.

सकाळी जाताना रस्त्यावरून वाहणाऱ्या एका ओढ्यात आमची चाकं जेमतेम ओली झाली होती. दुपारी परतलो तर तोच ओढा गुडघ्याच्या वर, दगड लोटत, गर्जत चाललेला. आणि आभाळात ढगाचा ठिपका नाही! आम्ही वेड्यासारखे पाऊस शोधत होतो. ढाबेवाले चाचा हसून म्हणाले, "धूप निकली है ना!" वर ऊन तापतं, बर्फ वितळतो, ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं, रात्री पुन्हा गोठतं म्हणून पहाटे ओढे गरीब. या खोऱ्यातल्या एका ओढ्याला लोक 'पागल नाला' म्हणतात, ते उगाच नाही. चंद्रेला पाणी पुरवणारी बडा शिगरी ही एकच हिमनदी २५ किलोमीटरहून लांब आहे. तिने दळलेल्या दगडाच्या पिठाने नदी राखाडी झालेली.

बारालाचा खिंडीच्या दोन अंगांना जन्मलेल्या चंद्रा आणि भागा तांदीला भेटतात. पुढे ती चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. आमच्यातल्या माळकऱ्याने भक्तिभावाने पाण्यात हात घातला आणि "विठ्ठला!" म्हणत चटका बसावा तसा बाहेर काढला. सह्याद्रीत उगवणारी आपली चंद्रभागा, म्हणजे पंढरपूरची भीमा, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, ही हिमालयातली सिंधूमार्गे अरबी समुद्राला.

इकडच्या सायकलवाल्यांनी तिकडे जरूर जावं. फक्त सोलापूरची सवय इथेच ठेवा: ऊन तापायच्या आत ओढे ओलांडून मोकळे व्हा. आणि शेंगांची चटणी, कडक भाकरी भरपूर न्या; मॅगीवर तो चढ निघत नाही.