येण्याचे कारण

सोमवार, सातारा

“एकट्या लेडीजला आपण रूम देत नाही, मॅडम.” स्टँडजवळच्या पहिल्या लॉजवर हे ऐकलं, दुसऱ्यावर तेच जरा गोड आवाजात. असा कायदा आहे का, विचारलं. “कायदा नाही ओ, पण नंतर भानगड नको.” माझं वय सत्तावन्न, उजव्या गुडघ्याला पट्टा, पाठीवर सॅक. भानगड करायची म्हटली तरी आधी जिना चढवायला हवा. वाद घातला नाही. भांडून मिळवलेल्या खोलीत मला झोप लागत नाही.

पोवई नाक्याहून राजवाड्याकडे जाताना एका जुन्या माडीवर ‘लॉजिंग’ अशी पाटी दिसली. पुढचं ‘बोर्डिंग’ रंग उडून गेलेलं. काउंटरवर टोपीवाले आजोबा. त्यांनी आधार कार्ड बघितलं, झेरॉक्स मागितली, ती नाही म्हटल्यावर खालच्या दुकानात पिटाळलं आणि मग लांबलचक रजिस्टर पुढ्यात सरकवलं. नाव, गाव, वय, कोठून आला, कोठे जाणार आणि शेवटचा रकाना ‘येण्याचे कारण’. वरच्या ओळी वाचल्याशिवाय राहवेना. कोर्ट. कोर्ट. रयत. लग्न. खा. काम. कोर्ट.

‘रयत’ म्हणजे रयत शिक्षण संस्था. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काढलेल्या या संस्थेचं मुख्य कार्यालय साताऱ्यात. बदली, मान्यता, पेन्शन असली फाइल हलवायला लांबलांबचे मास्तर इथे येतात आणि काम एका दिवसात झालं नाही की मुक्काम करतात. जिल्हा न्यायालयाचंही तेच: तारीख पडते, वकील उद्या या म्हणतो. साताऱ्यातले स्वस्त लॉज प्रवाशांवर चालत नाहीत, रखडलेल्या कामांवर चालतात.

मी ‘पर्यटन’ लिहिलं. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. “कासला आलाय? फुलं संपली की.” कासचं पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी इथे खोली मिळायची मारामार आणि भाव म्हणाल तो. आता मार्गशीर्ष, त्यामुळे 600 रुपयांत काम झालं. संडास-बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला. गरम पाणी सकाळी 6 ते 8, माणशी एक बादली. भिंतीला खुंट्या, खाटेवर कडक धुतलेली चादर, उशीला मात्र मागच्या पाहुण्याच्या खोबरेल तेलाचा वास. दाराची आतली कडी आणि खिडकीचा गज आधी तपासते मी, पंखा नंतर. दोन्ही पक्के होते.

रात्री जेवायला परमिट रूमवाल्या हॉटेलात. रस्त्यावरून ‘फॅमिली’, बोळातून ‘परमिट रूम’, मध्ये स्वयंपाकघर. फॅमिलीत बसून बिअर मागितली. पोऱ्या शेठकडे जाऊन विचारून आला आणि बिअर आली ती स्टीलच्या जगातून, सोबत स्टीलचा पेला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब पनीर खात होतं, त्यांनी मला ताक पिणारी बाई समजावं अशी योजना. हात धुवायला जाताना पलीकडच्या खोलीत डोकावले. मंद दिवे, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर कबड्डी, प्रत्येक टेबलावर शेंगदाण्याची बशी आणि उकडलेल्या अंड्याचे तिखट-मीठ लावलेले चार तुकडे. बहुतेक टेबलांवर एकेकटा माणूस. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सिनेमातला बार आणि जिल्ह्याच्या गावातला बार यांचा काही संबंध नसतो. इथली माणसं क्वार्टर संपवून साडेनऊच्या आत घरी जेवायला जातात.

‘परमिट रूम’ हे नाव कायद्यातून आलंय. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजी देसाईंच्या काळचा. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये, आजन्म 1000. बिअर आणि वाइनला वय 21, बाकी दारूला 25. परवान्यावर कारण छापलेलं असतं, प्रकृती सांभाळण्यासाठी. म्हणजे सरकारदरबारी त्या खोलीतले सगळे पेशंट. माझ्याकडे परवाना आहे का, हे कुणी विचारलं नाही. लॉजवाल्याने मात्र झेरॉक्सशिवाय जिना चढू दिला नव्हता.

वेटर मेढ्याकडचा निघाला. त्याच्या जावळी तालुक्यात बायकांनी दुकानं बंद पाडली, म्हणून तिकडचे लोक इकडे येतात म्हणाला. 2008 च्या नियमाने गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. चिन्हं दोन, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. गंमत अशी, की झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. आमदार निवडून यायला एवढी अट असती तर विधानसभा रिकामी राहिली असती. “मग तुझ्या आईने कुठली बाटली दाबली?” विचारलं. “आडवी,” तो म्हणाला. “मी इथे उभी करतो.”

मंगळवार, सज्जनगड

सातारा भागातला सगळ्यात स्वस्त मुक्काम गडावर आहे. फुकट. समर्थ सेवा मंडळ आणि संस्थान, दोन्हींकडे भक्तांच्या राहण्याची सोय आहे, दुपारी-रात्री प्रसाद. इथेही ओळखपत्र लागतं आणि नाव लिहावं लागतं, पण एकट्या बाईला कुणी अडवत नाही. खोली मिळाली, सतरंजी मिळाली. आमटी-भाताची पंगत, आपलं ताट आपण घासायचं. घासताना शेजारी नांदेडहून आलेल्या मावशी होत्या, त्यांनी माझं ताट तपासून परत घासायला लावलं.

रात्री वारा असा सुटतो की खिडकीला कागदाची घडी घालून ती दाबून बसवावी लागते. पहाटे काकड आरतीच्या घंटेने जागं व्हावंच लागतं, झोपून राहायची सोय नाही. आणखी काय लिहू? फुकटातली जागा असून कुणी उपकार केल्यासारखं वागवलं नाही. जमेल ते देणगीपेटीत टाकून खाली उतरले.

बुधवार, कराड ते सांगली

एसटीला अर्धं तिकीट. मार्च 2023 पासून बायकांना सगळ्या एसटीत निम्म्या भाड्याची सवलत आहे. माझ्यासारख्या भटक्या बाईच्या आयुष्यात इतक्या कामाचा निर्णय मंत्रालयातून दुसरा आलेला नाही. कंडक्टर कुरकुरतात, गाडीत बायकाच बायका म्हणून. कुरकुरू देत.

कराडात उतरून प्रीतिसंगमावर कोयना-कृष्णा पाहिल्या, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीशी थोडी टेकले, पुढची गाडी धरली. हायवेला लागल्यावर खिडकीतून बार मोजायचा नाद लागला. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितलं, छोट्या गावांपुरतं ते अंतर 220 मीटर झालं. एप्रिल 2017 ला शटरं पडली. मग त्याच वर्षी नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांना सूट मिळाली आणि बरीच शटरं परत वर गेली. मधल्या काळात धाब्यांनी काय केलं, हे कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.

पेठ नाक्याजवळ अख्खा मसूर खाल्ला. या पट्ट्याचा हा खरा मेनू: मसूर न भरडता शिजवलेला, वर तर्री, सोबत भाकरी नाहीतर रोटी आणि कांदा. पलीकडच्या बाजेवर चौघे जण थम्सअपच्या बाटल्या घेऊन बसलेले, बाटल्यांचा रंग जरा फिका. धाब्यावर बाहेरची आणून पिणं गुन्हा आहे, पिऊ देणाऱ्यावर कलम 68, पिणाऱ्यावर 84. चौघांनाही ते माहीत असावं, कारण रस्त्यावर जीप दिसली की बोलणं थांबायचं. आता हे प्रकार वाढणारच. 2023 च्या नोव्हेंबरात बारमधल्या दारूवर व्हॅट 5 चा 10 टक्के झाला, 2025 च्या जूनमध्ये विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. ज्याला वाइन शॉपमधून चपटी घेऊन शेताच्या बांधावर बसता येतं, तो बारमध्ये कशाला बसेल?

सांगलीत पोचायला अंधार पडला. स्टँडजवळ पहिल्याच ठिकाणी खोली मिळाली, 700 रुपये, बाथरूम आत. मॅनेजरने विचारलं ते एवढंच: “ताई, वरची देऊ का खालची? पावसाळा नाही म्हणून विचारतो.”

गुरुवार, सांगली

त्या प्रश्नाचा अर्थ सकाळी कळला. तळमजल्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या बरीच वर, रंगाच्या दोन हातांतूनही दिसणारी तपकिरी रेघ आहे. ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं होतं. मॅनेजरने रेघ मुद्दाम नीट झाकली नाही. 2005 ची रेघ कुठे होती तेही तो बोट ठेवून दाखवतो, 2021 ची दारामागे आहे. गाद्या, रजिस्टरं आणि कॅशबॉक्स वर नेले, म्हणाला, फ्रिज राहिला. वरच्या मजल्यावर आसपासची पंधरा-वीस माणसं राहिली, त्यांच्याकडून भाडं घेतलं नाही. त्या दिवसांचं पान रजिस्टरात आहे का, विचारलं. नाही. कुणी नोंद केलीच नाही.

दुपारी गणपती मंदिर, मग हळदीची पेठ. हळदीने पिवळ्या झालेल्या हमालांच्या बनियनी पाहिल्या की सांगलीत आल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी बार ओस. मार्गशीर्षातला गुरुवार. घरोघरी घट मांडलेले, दत्ताचा वार म्हणून औदुंबर-नरसोबाच्या वाडीची वारी करणारे वेगळे. “आज निम्मं पण गिऱ्हाईक नाही,” वेटर म्हणाला, त्यामुळे त्याला बोलायला वेळ होता. इथे मला कुणी पडद्यामागे बसवलं नाही, बिअरही काचेच्या ग्लासात आली. चकण्याला भडंग. सांगलीकडचं भडंग असताना शेंगदाणे मागणाऱ्याला काय म्हणावं?

द्राक्षांच्या जिल्ह्यात आलो आहोत तर इथली वाइन पिऊ, म्हणून विचारलं. पलूसचं काही आहे? “वाइन ना? समोर वाइन शॉप आहे.” तिथे व्हिस्की मिळते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. 2001 मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूस अशी दोन वाइन पार्क काढली. नाशिककडच्याने बाजार धरला, पलूसचं नाव सांगलीच्या बारमध्येसुद्धा नाही. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, त्यावर गदारोळ झाला, निर्णय तसाच राहिला. तासगावच्या शेतकऱ्याने शहाणपणाने द्राक्षांचा बेदाणा केला. पिण्यापेक्षा चघळण्यात पैसा जास्त, असा इथला हिशेब दिसतो.

तासगावावरून आठवलं. डान्स बार बंद करणारे आर. आर. आबा याच तालुक्यातल्या अंजनीचे. 2005 ला उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री असताना त्यांनी बंदी आणली, 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, सरकारने पुन्हा कायदे केले. 2015 ला आबा गेले. बंदी योग्य की अयोग्य, यावर मुंबईत एक बोलतात आणि अंजनीत दुसरं. माझं मत सांगते: बारबाला बेकार झाल्या, बार बेकार झाले नाहीत. वेटरला हे मत पटलं नाही. “आबांनी केलं ते बरोबरच,” म्हणाला आणि बिल आणायला गेला.

शुक्रवार, मिरज

सांगली आणि मिरज म्हटलं तर एकच शहर. 1998 पासून महापालिकाही एक. लॉजवर गेलं की फरक कळतो. इथल्या रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ बहुतेक ओळींत एकच आहे: दवाखाना.

डॉ. वॉनलेस या कॅनेडियन मिशनऱ्याने 1894 साली इथे इस्पितळ काढलं, त्यामागे शेकडो दवाखाने आले. कर्नाटकातून, विजयपूर-बेळगाव भागातून पेशंट येतात, म्हणून पाट्या कानडीतही आणि मॅनेजर तीन भाषांत भाव सांगतो. माझ्या मजल्यावर आठ खोल्या, सातांत पेशंटची माणसं. व्हरांड्यातल्या दोरीवर लुगडी, टॉवेल, लहान मुलाची झबली. खिडकीच्या गजात एक्स-रेचं पाकीट खोचलेलं. एका कानडी आजींनी मला “कोण ॲडमिट?” असं विचारलं. कुणी नाही, फिरायला आले म्हटल्यावर त्यांना वाटलं मी सांगायचं टाळतेय, आणि त्यांनी मला अर्धी शेंगापोळी दिली. एकटी बाई म्हणून इथे कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. आजारपणाच्या गावात बायका एकट्याच येतात, लॉजवाल्यांना सवय आहे.

सतारी-तंबोरे घडवणारी दुकानं पाहिली, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीशी जाऊन आले. स्टेशनजवळच्या परमिट रूममध्ये फॅमिली विभाग नव्हता, दाराजवळचं टेबल मिळालं. समोर चाळिशीतला एक माणूस आला. नाइंटी मागवली, चकणा नको म्हणाला. फोन पालथा ठेवला, पुन्हा उलटा केला. पाण्याचा ग्लास अर्धा ठेवून उठला, पैसे मोजून दिले आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागला. सगळं दहा मिनिटांत. परमिटवरचं प्रकृतीचं कारण या माणसाला थोडंफार लागू पडावं.

या भागात येणाऱ्यांसाठी, विशेषतः एकट्या बायकांसाठी, थोडक्यात. आधार कार्डाच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा. फोनवर आधीच ‘एकटी आहे’ सांगा, नकार तिथेच मिळालेला बरा. साताऱ्यात कासचा हंगाम सोडून जा, नाहीतर सरळ सज्जनगडावर राहा. सांगलीत जुलै-ऑगस्टला गेलात तर वरचाच मजला मागा. मिरजेत दवाखान्याजवळच्या लॉजवर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नका. तिथली प्रत्येक खोली कुणाला तरी तुमच्यापेक्षा जास्त गरजेची असते. पुढचा भाग कोल्हापूरहून.