साठ ठोके

इशाची नमाज होऊन घर शांत झालं की मी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतो. अ‍ॅम्प्लिफायरला जोडत नाही, त्यामुळे आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही. तरी अम्मीला कळतंच. "या वयात हे काय टुणटुण?" ती विचारते. प्रश्न वयाचा आहे, तसा थोडा दीनचाही आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. ती पुढे बोलत नाही, मी वाद घालत नाही.

मला शिकायची आहे ती निओक्लासिकल सोलोची पद्धत. पागानिनीच्या एकल व्हायोलिनसाठीच्या 24 काप्रिस 1820 साली छापून आल्या. तसला वेग आणि बाखची ती सुरांची बांधणी स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनने इलेक्ट्रिक गिटारवर आणली. त्याचा 'रायझिंग फोर्स' 1984चा. कॉलेजात असताना मित्राच्या कॅसेटवर तो ऐकला आणि वेगानेच वेड लावलं. गिटार हातात यायला मात्र चाळिशी उलटली.

सुरुवात हार्मोनिक मायनरने होते. ए, बी, सी, डी, ई, एफ आणि जी शार्प. एफ ते जी शार्प ही तीन फ्रेटची उडी, सगळी हुरहुर तिथेच आहे. आपल्याकडे हेच सूर किरवाणीत आहेत. हेच सूर ई पासून सुरू केले की कोमल रिषभानंतर शुद्ध गंधार येतो आणि अरबी मकाम हिजाजचा रंग उतरतो. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा हात थांबला. ही उडी मी लहानपणापासून ऐकत होतो, कितीतरी मुअज्जिनांच्या अजानीत. अजान म्हणजे गाणं नव्हे, हे मला माहीत आहे. पण कानाने ओळख दिलीच.

पहिले दोन महिने मी फक्त धावलो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर नुसता चिखल. डावा हात पुढे पळत होता, उजव्या हातातली पिक मागे राहत होती. बोट तारेवर टेकणं आणि पिक लागणं एकाच क्षणी झालं तरच सूर स्वच्छ येतो. मग मेट्रोनोम 60 ठोक्यांवर लावला. ठोक्याला दोन सूर, पिक एकदा खाली, एकदा वर. चूक न होता पाच वेळा जमलं की चार ठोके वाढवायचे. चुकलं की परत मागे.

याच दिवसांत वर्गातला एक मुलगा डोळ्यांसमोर येऊ लागला. घरी उर्दू, शाळेत उर्दू, मराठीचा तास एवढाच. जोडाक्षर आलं की तो अडखळायचा आणि मी म्हणायचो, "जल्दी पढो, बेटा." मग तो पहिलं अक्षर बघून शब्द अंदाजाने ठोकायचा. 'राष्ट्र'चं 'रात्र' व्हायचं, वर्ग हसायचा. वाचनाच्या दिवशी त्याच्या पोटात दुखू लागलं होतं. बीएड करून इतकी वर्षं शिकवतोय, पण त्याची जीभ डोळ्यांच्या पुढे पळतेय, आणि तिला पळवणारा मीच आहे, हे मला दिसलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला बोलावलं. मी पेन्सिलीने बाकावर ठोके देत गेलो, एका ठोक्याला एक अक्षर. 'राष्ट्र'ला दोन ठोके. चार ओळी वाचायला पूर्ण सुट्टी गेली, पण एकही शब्द अंदाजाचा नव्हता. त्याने विचारलं, "सर, कल भी?"

आता रोज दहा मिनिटं बसतो. वर्गासमोर तो अजून वाचत नाही, मीही उभं करत नाही. माझा मेट्रोनोम 76वर आहे. काल 80 लावून पाहिला, चुकलो, परत खाली आणला.